घड्याळवाल्या काकांची मुलाखत

वर्षभरात काकांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मोजून नऊ माणसं आली. साठीला टेकलेल्या काकांनी शेवटी दुकान विकलं आणि एका हॉटेलातल्या नोकरीसाठी अर्ज केला. पाहुण्यांना इंग्रजीत वेळ सांगता यायला हवी, एवढीच अट होती. पंधरा दिवस मी त्यांना शिकवत होतो.

"पावणेसहा म्हणजे क्वार्टर टू सिक्स."

"म्हणजे सहाला पाव कमी! अरे, हे साहेब लोक आपल्यासारखंच बोलतात की."

आतून काकू म्हणाल्या, "जेवायची वेळ मात्र आपल्याच भाषेत विचारा, नाहीतर उपाशी राहाल."

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. काका पाच मिनिटांत परत आले.

"भिंतीवरचं घड्याळ दाखवून त्यांनी वेळ विचारली," ते म्हणाले. "त्यात साडेतीन वाजले होते. पण ते पंधरा मिनिटं मागे होतं. चुकीची वेळ कशी सांगू? मी क्वार्टर टू फोर म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं."

"घड्याळ मागे आहे, असं म्हणायचं ना!"

"इंग्रजीत कसं म्हणतात ते?"

हे मी शिकवलंच नव्हतं.

"मी आत जाऊन सांगतो."

"राहू दे. माझ्यासमोरच पुढच्यानं साडेतीन सांगितले. त्याला घेतलंसुद्धा."