दुखत नाई तं येऊ कायले?

किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. दवाखान्यात तर प्रत्येक खोलीचे वेगळे. अपघातवाल्यांचे किस्से धावपळीचे, बाळंतपणवाल्यांचे आरडाओरड्याचे. आमच्या खोलीचे किस्से मात्र सगळे न आलेल्या माणसांचे!

आमची खोली म्हणजे यवतमाळातली खांद्याची खोली. मी हाडांचा डॉक्टर, मूळचा साताऱ्याकडचा. दोनेक वर्षं काढू म्हणून इकडे आलो आणि राहिलो. लग्न राहून गेलं, खांदा तेवढा पदरात पडला. खांद्याभोवती चार छोटे स्नायू असतात. त्यांचे टेंडन, म्हणजे दोरीसारखी चिवट टोकं, हाडाला धरून एक टोपी तयार करतात. ही टोपी फाटली की हात वर जात नाही. आम्ही ती शिवून परत हाडाला बांधतो. आता शिवलेलं खरंच हाड धरतं का? की माणूस वरून खुश आणि आत सगळं उसवलेलं? हे कळायला ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने सोनोग्राफी करून पाहायची. एवढंच आमचं संशोधन.

यातली गंमत अशी, की ज्याचं दुखतं तो न बोलावता येतो आणि जो बरा झाला तो बोलावूनही येत नाही! बरे झालेले आलेच नाहीत, तर आमच्या कागदावर अख्ख्या जिल्ह्याचे खांदे बिघडलेलेच दिसणार. बरं, मशीन घेऊन त्यांच्या दारी जावं, तर सोनोग्राफीचं मशीन ठरलेल्या खोलीबाहेर काढायला गर्भलिंगनिदानाच्या कायद्याने बंदी. वरिष्ठांनी सांगून ठेवलंय, बरी झालेली माणसं आणता येत नसतील तर हे काम बंद करा. काम बंद झालं तर दिवसभर मी बोलणार कोणाशी, हा माझा खासगी प्रश्न. तो मी वरिष्ठांना विचारलेला नाही.

तर मी फोन करत बसतो.

* * *

दारव्ह्याकडच्या एका गृहस्थांना फोन केला.

“खांद्याच्या दवाखान्यातून बोलतोय. हात कसा आहे?”

“मस्त हाय.”

“दुखतो का?”

“नाई बाप्पा.”

“वर जातो?”

“आभायाले लागते!”

“वा! मग गुरुवारी तपासायला या.”

मग अगदी सरळ प्रश्न, “दुखत नाई तं येऊ कायले?”

मी समजावलं. ते हो म्हणाले. आले नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, पुन्हा हो, पुन्हा पत्ता नाही. असं बरेचदा झाल्यावर एकदा गृहस्थांनी आवाज खाली घेतला. “साहेब, एक विचारू का? तुमच्या घरचे सारे बरे हायत ना? नाई, लय फोन करून राह्यले तुमी.”

मी म्हटलं, “घरी कोणी नाही.”

“मंग बराबर हाय!” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

* * *

आमचे बोबडे सर अ‍ॅनॅटॉमी शिकवतात. खांद्याच्या वरच्या हाडाचा बाक कोणात कसा असतो आणि त्या बाकाखाली टेंडन कसं घासतं, हे ते सुक्या हाडांवर मोजतात. माझं न येणाऱ्या पेशंटचं रडगाणं त्यांनी एकदा पूर्ण ऐकून घेतलं. मग शांतपणे हाडांचं कपाट उघडलं.

“बघ! माझे सगळे फॉलोअपला हजर!”

त्यांची एक पेटी आहे, तिच्यात सगळी डावीच हाडं. उजवी कुठे गेली कोणाला ठाऊक नाही. जोडी नसल्यामुळे ती कोणी वापरत नाही. सरांनी ती पेटी माझ्या खोलीत पाठवून दिली. म्हणाले, “तुमचं जमेल एकमेकांशी.” जमलंय तसं.

* * *

शबाना मॅडम आमच्या फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशननंतर सहा आठवडे हात झोळीत ठेवायचा असतो आणि त्या झोळीचा पट्टा पाठीमागे लागतो. तो एका हाताने स्वतःचा स्वतःला लावता येत नाही. म्हणून घरी सोडताना मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला, “घरी पट्टा लावून देणारं कोण आहे?”

मुकुटबनच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. आम्ही त्यांना बाईच म्हणायचो. त्या म्हणाल्या, “आहेत ना! सगळे आहेत.”

सहा आठवड्यांनी बाई आल्या, तर सोबत एसटीची कंडक्टर. खाकी कपड्यांत, ड्यूटीवरून थेट. आल्या आल्या ती शबाना मॅडमना म्हणाली, “मॅडम, पट्टा बराबर लावतो का मी? मले कोनी शिकवलं नाई, रोज अंदाजानंच लावून राह्यली.”

तेव्हा उलगडा झाला. सगळे आहेत म्हणजे कोणीच नव्हतं! बाई रोज सकाळी आंघोळ करून, झोळी कशीबशी गळ्यात अडकवून थांब्यावर जायच्या. पहिली गाडी यायची. कंडक्टर खाली उतरायची, मागचा पट्टा लावायची, घंटी मारायची आणि गाडी पुढे जायची. प्रवाशांनाही सवय झाली होती. कंडक्टरची सुट्टी असली, तर खिडकीतली एखादी बाई उतरून पट्टा लावून जायची.

मॅडमनी तपासलं. सगळं छान होतं. “बाई, आजपासून झोळी बंद!”

बाईंनी झोळी दुसऱ्या हाताने धरून ठेवली. मग म्हणाल्या, “अजून थोडे दिवस राहू द्या ना.”

“कशाला? उलट खांदा आखडेल.”

“पट्टा गेला तर सकाळी मला हात कोण लावेल?”

आमच्या शबाना मॅडम बडबड्या. झोपलेल्या पेशंटशीही त्या बोलतात. पण त्या दिवशी त्यांनी खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली. मला तर कुठे बघावं कळेना. बोलली ती कंडक्टर. “बाई, मी डायवरले सांगतो हॉर्न वाजवाले. तुमी नुसता हात हालवजा.”

ते हात हलवणं मॅडमनी व्यायामात धरलं. आणि वर्षाच्या तपासणीला न बोलावता आलेला आमचा पहिला पेशंट म्हणजे बाई.

* * *

आर्णीचे रफिकभाई मोटरसायकलींचे मेकॅनिक. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांना सगळं समजावलं, हाडात बारीक स्क्रू बसवणार, त्याच्या दोऱ्याने टेंडन ओढून बांधणार वगैरे. त्यांनी मान डोलावली. “बाकी समजलं साहेब. गॅरंटी किती किलोमीटरची?”

हे गृहस्थही बरे होऊन गायब. शेवटी मी गॅरेजवर गेलो. रफिकभाई भिंतीवरच्या उंच खिळ्याला टायर अडकवत होते, ऑपरेशनच्याच हाताने! मी पिशवीतून कोन मोजायची पट्टी काढली आणि मागून त्यांच्या खांद्याला लावली. गिऱ्हाईकं जमा झाली. एकाने विचारलं, “काय मोजून राह्यले?”

“मेरी सर्व्हिसिंग चालू है,” रफिकभाई टायर न सोडता म्हणाले. “फ्रीवाली!”

कोन उत्तम भरला. मी म्हटलं, आता एकदा सोनोग्राफीला या, आत काय आहे ते बघू. त्यांनी टायर अडकवला, हात पुसले आणि मला चहा देत म्हणाले, “साहेब, गाडी ठीक चल रही हो तो इंजिन नहीं खोलते.”

चहा फार चांगला होता. दोनदा घेतला. परतीची गाडी यायला वेळ होता म्हणून नव्हे, तिथे चार माणसं बोलत होती म्हणून.

* * *

आता माझाच किस्सा. खांद्याच्या डॉक्टरचाच खांदा आखडला! डावा. टेंडन शाबूत, पण सांधा आवळलेला. एक्स-रे लावायचा दिवा आमच्याकडे जरा उंचावर आहे, तर मी सगळं उजव्या हाताने करायचो. पेशंट बघत. कोणी बोलत नसे.

शबाना मॅडमनी मला पकडून समोर बसवलं आणि पेशंटला विचारायचे प्रश्न मला विचारले.

“केस विंचरता येतात?”

“आहेत कुठे?”

“सर, नीट उत्तर द्या. वरच्या फळीवरचा डबा निघतो?”

“वरच्या फळीवर डबा नाही.”

“पाठीला मलम कोण लावून देतं?”

मी खरं ते सांगितलं. मी दाराच्या चौकटीला मलम लावतो आणि चौकटीला पाठ घासतो. मॅडमनी पेन खाली ठेवलं. “घरी मदतीला कोण, या रकान्यात काय लिहू? चौकट?”

“लिहा की.”

आम्ही दोघं खूप हसलो. त्या घरी गेल्या. मी खोलीवर गेलो आणि चौकटीकडे बघून मला काही हसू आलं नाही. आई होती तोवर रोज संध्याकाळी साताऱ्याहून फोन यायचा, “जेवलास का?” मला त्या फोनचा राग यायचा. आता मी दिवसाला इतके फोन करतो, त्यात जेवलात का असं विचारायचं नसतं.

* * *

देवरावकाका कळंबजवळच्या एका खेड्यातले. उन्हाळ्यात वखर चालवताना बैल बुजला. कासरा काकांच्या हाताला गुंडाळलेला होता. उजव्या खांद्यातलं टेंडन हाडापासून सुटून आलं.

मी विचारलं, “काका, कासरा सोडून का नाही दिला?”

“माह्या हातचा बैल हाय साहेब. सोडून देऊ का?”

“पण त्याने ओढलं म्हणून एवढं झालं ना.”

“त्यानं नाई ओढलं. म्या सोडलं नाई.” बैलावर त्यांनी आळ येऊ दिला नाही.

ऑपरेशनआधी माणसं विचारतात, खर्च किती, टाके कधी काढणार. काकांनी एकच विचारलं, “पोयाच्या आदल्या दिवशी हात बैलाच्या खांद्यावर पोचंल का?”

आमच्याकडे बेंदूर असतो, इकडचा पोळा मला एवढा ठाऊक नव्हता. काकूंनी समजावलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा पळसाच्या पानाने, कोमट हळद-तुपाने शेकायचा. काकू म्हणाल्या, “यंदा पोरगा करंल ना.”

“नाई,” काका म्हणाले. “ज्यानं जू ठेवलं त्यानंच शेकलं पायजे.”

पेरणी मुलाने केली. काका झोळीत हात घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून होते. झोळी निघाल्यावर मॅडमनी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला. काकांनी बैलाच्या खांद्याएवढ्या उंचीवर भिंतीला कोळशाची रेघ मारली. मी फोन केला की काकू सांगायच्या, “अजून वीतभर बाकी हाय.” मग “चार बोटं.” आणि नंतर फोनच उचलेनात. तीन महिन्यांच्या तपासणीलाही काका आले नाहीत. शिवण उसवली, असं माझ्या मनाने घेतलं. असं झालं की माणसं तोंड चुकवतात, हे मी पुष्कळ पाहिलंय. मी कळंबपर्यंत एसटीने गेलो, पुढे ऑटो केला.

पोचलो तो खांदशेकणीचीच संध्याकाळ. अंगण भरलेलं होतं. मुलगा, सून, सणाला आलेल्या लेकी. काकांच्या डाव्या हातात तुपाची वाटी, उजव्यात पळसाचं पान आणि समोर बैलजोडी. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली.

हात वर निघाला. छातीपर्यंत आला आणि थांबला. अशा वेळी माणूस खांदा कानाकडे उचलून हात वर ढकलायला बघतो. तसं केलं की समजायचं, आतलं सुटलंय. काकांनी हात खाली घेतला, श्वास घेतला आणि पुन्हा उचलला. खांदा जागेवर राहिला. हात सावकाश वर गेला आणि पान बैलाच्या खांद्यावर टेकलं.

मी घाईने पट्टी काढली. काकू ओरडल्या, “आता मोजता काय साहेब, पोचला ना!” मी पट्टी पिशवीत टाकली.

काकांनी दोन्ही बैलांचे खांदे शेकले. प्रत्येकाच्या तोंडाशी वाकून त्याला वेगळं आमंत्रण दिलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मी विचारलं, “काका, फोन का उचलत नव्हता?”

“म्हटलं, पोचल्यावरच सांगाव.”

“बरं, पोळा झाला की सोनोग्राफीला या. दुखत नाही म्हणूनच या.”

“येतो ना.”

काम झालं होतं. मी उजव्या हाताने पिशवीचा बंद डोक्यावरून घेऊन गळ्यात अडकवायला लागलो. डावा हात नेहमीसारखा खालीच. काका बघत होते.

“तुमचा डावा ना?”

“हो.”

“थांबा.” त्यांनी पान पुन्हा वाटीत बुडवलं.

काकू हसायला लागल्या. “अवो, डॉक्टर हायत ते, बैल नाई!”

काका हसले नाहीत. त्यांनी उजवा हात उचलला आणि कोमट पान शर्टावरूनच माझ्या डाव्या खांद्यावर ठेवलं.

“आज आवतन घ्या,” ते म्हणाले, “उद्या जेवाले या.”