सिस्टरांचा डावा हात

"नुसती मान हलवू नका. मला सांगा."

राहात्याच्या बाजूच्या एका लहान सरकारी दवाखान्यात मी केसपेपर लिहायचो, आणि शेजारच्या टेबलावरून सिस्टरांचं हे वाक्य दिवसभर कानावर पडायचं. तुम्हीही पाहिलं असेल, दवाखान्यात माणूस सगळ्याला हो म्हणतो आणि बाहेर येऊन गोळ्यांची पुडी उलटसुलट करत उभा राहतो. सिस्टर कुणाला तसं जाऊ द्यायच्या नाहीत.

"बाबा, गोळी कधी घेणार?"

"जेवल्याव."

"आणि जेवता कधी?"

"सून देईल तवा."

सिस्टरांनी त्या म्हाताऱ्याकडून सुनेचं नाव विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेलाच बोलावून घेतलं.

त्या मूळच्या भिंगारच्या. नवऱ्यापासून कधीच वेगळ्या झालेल्या, मूलबाळ नाही. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. रविवारी सगळं बंद असलं तरी विणकाम घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसायच्या. "घरात कुणाचा आवाज नाही हो," एकदा म्हणाल्या होत्या. स्वेटर कुणासाठी, हे मी कधी विचारलं नाही.

नव्वद सालानंतरच्या एका हिवाळ्यात, पेरूच्या बागेत मजुरी करणारी एक बाई अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. मुलीला साखरेचा आजार. नगरला बेशुद्धीतून कशीबशी वाचली होती. आता रोज दोनदा इन्सुलिन टोचायचं, तेही जन्मभर. बापानं अंग काढून घेतलं होतं. आईनं सुई बघूनच तोंड फिरवलं.

"माझ्याच्यानं न्हाई व्हनार, सिस्टर. लेकराला सुई कशी मारू?"

"नाही टोचलं तर लेकरू राहणार नाही, ताई."

सिस्टर हे हळूच म्हणाल्या, पण म्हणाल्या.

शिकवणी सुरू झाली; तोवर मुलीला दोन्ही वेळा सिस्टरच टोचायच्या. सरावाला सुईनं पिकल्या पेरूत पाणी सोडायचं. औषधाची बाटली गार राहायला ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. टोचल्यावर मुलीला जेवू घालायचंच. घाम फुटला, हात कापायला लागले, की आधी साखर. बाई रोज सगळं घडाघडा म्हणून दाखवायची. पेरूवर तर तिचा हात बसला. पण लेकीच्या दंडापाशी आला की थांबायचा.

चौथ्या दिवशी सिस्टरांनी आपलीच डावी बाही वर सारली.

"आधी मला टोचा. यात औषध नाही, सलाईनचं पाणी आहे."

"तुमाला?" बाई मागे सरकली.

"मला. आणि डोळे उघडे ठेवा."

सुई गेली. सिस्टरांनी हात तसाच पुढे धरून ठेवला. तीन दिवस बाई त्यांनाच टोचत होती. त्यानंतरच्या सकाळी तिनं लेकीला टोचलं आणि भिंतीला टेकून हमसून हमसून रडली.

दंडावरचे निळे डाग बघून मी विचारलं, "दुखलं नाही का, सिस्टर?"

"दुखलं की." त्यांनी बाही खाली ओढली. जरा वेळानं म्हणाल्या, "टोचून झालं की ती बाई हात चोळत बसायची माझा. 'लई दुखतंय का' म्हणायची. किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

मी केसपेपर चाळत राहिलो.

दोन वर्षांनी त्यांची अकोल्याकडे बदली झाली. पत्र पाठवते म्हणाल्या होत्या, आलं नाही. मीही लिहिलं नाही.

काही महिन्यांनी, संध्याकाळी केसपेपरची खिडकी बंद करायच्या वेळी, तीच मुलगी एकटी आली. बरीच उंच झाली होती.

"सिस्टर कुठंयत? आता मी माझं मीच टोचून घेते. त्यांना दावायचं हुतं."

बदली झाली म्हटल्यावर ती बाकावर बसली. ओल्या फडक्यातून बाटली काढली, सिरिंज भरली, उजेडाकडे धरून बुडबुडा घालवला आणि माझ्यासमोरच दंडात टोचून घेतलं.

"बराबर हाय ना?"

मला त्यातलं काय कळत होतं? "बरोबर आहे," मी म्हणालो.

"सिस्टरांना सांगाल?"

"सांगतो."

तिनं डबा उघडला. तिची भाकरी खाऊन होईपर्यंत मी खिडकी उघडी ठेवून बसून राहिलो.