काकाजींनी जुळवलेली खोली

घर भाड्यानं देणं आणि मुलगी देणं यांत काडीचाही फरक न मानणारा माणूस या पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि माझं नशीब असं की मला खोली हवी होती ती नेमकी त्याचीच. आंधळगावच्या कोष्टीपुऱ्यात त्यांचं घर. पुढं हातमाग, मागं विहीर आणि विहिरीला लागून भाड्याच्या दोन खोल्या. सारा पुरा त्यांना काकाजी म्हणे. सत्तरच्या दशकात माझी तुमसरहून आंधळगावला बदली झाली, लग्न नुकतंच झालेलं, बायको माहेरी पवनीला. सासऱ्यांनी बजावलं होतं, "जवाईबुवा, घर पाहा, मंग पोरगी नेजा." घर पाहण्यात पोळा गेला, दिवाळी गेली. गावात खोल्या होत्या, पण एकट्या पुरुषाला कुणी देईना. उरले काकाजी, आणि ते तर दुकट्यालाही देत नसत.

त्यांच्या परीक्षा ठरलेल्या होत्या. खोली विचारायला आलेल्याला ते पाणी विचारत नसत, बालटी दाखवत. "काढा, प्या." माणूस पाणी पिऊन दोरी गुंडाळून ठेवतो की तशीच टाकतो, हे माग चालवता चालवता त्यांना दिसे. एक चांगला सुटाबुटातला साहेब दोरी तशीच टाकून आला, तर काकाजींनी त्याला नमस्कार करून वाटेला लावलं. "दोरी लोळवली गा त्यानं. उद्या माहं घर लोळवन." दुसरी परीक्षा मागाजवळ. खटखटाट चालू ठेवून ते हलक्या आवाजात प्रश्न विचारत. ओरडून उत्तर देणारा भांडकुदळ म्हणून बाद. न ऐकताच मान हलवणारा लबाड म्हणून बाद. माग थांबेपर्यंत गप्प बसणारा पास.

मी बालटी दोरीसकट विहिरीत पाडली. मग मागाजवळ बसून, खेळीमेळीनं वागावं म्हणून, प्रत्येक प्रश्नाला जोरजोरात मान डोलावली. माग थांबल्यावर कळलं, की मी दारू पितो, बायकोला मारतो आणि मागच्या मालकाच्या घराचं दार विकून आलोय, हे सगळं मी आनंदानं कबूल केलं होतं.

माझा चेहरा पाहून काकाजी हसले. "बालटी पडली ते ठीक हाय. दार इकनारा बालटी संभाळून वागवते, तेही इकता येते." म्हणाले, चौकशी करतो, मग सांगतो.

चौकशीची त्यांची तऱ्हा मला तेव्हा ठाऊक नव्हती. डोक्याला धुवट टोपी घालून ते एस.टी.नं तुमसरला गेले, माझ्या जुन्या गल्लीत बसले आणि चहा पीत म्हणाले, "तुमच्या इथं एक कारकून राहत होता नं? आमची पोरगी द्याची हाय त्याले. पोरगा कसा हाय?"

पुढचं तुमच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या तुमसरच्या घरमालकिणीची बहीण पवनीला राहायची, तेही सासऱ्यांच्याच गल्लीत. आठवडा सरायच्या आत बातमी पोचली, की जावयाची आंधळगावात दुसरी सोयरीक चाललीय.

मी काकाजींच्या मागाजवळ खोलीसाठी गयावया करत बसलो होतो. तेवढ्यात दारात सासरे उभे. हातात छत्री, ती उन्हासाठी नव्हती हे त्यांच्या मुठीवरून दिसत होतं. मागं माझी बायको कुसुम, डोळे सुजलेले.

"काय जवाईबुवा, घर पाहून राहिले का पोरगी?"

मी घाबरून नेहमीप्रमाणे मान डोलावली.

कुसुम मला ओलांडून थेट काकाजींपुढं गेली. "कुठं हाय तुमची पोरगी? मले पाहाची हाय."

माग थांबला. "मले पोरगी नाई, बाई."

"मंग यायले कोन देऊन राहिले होते?"

"कोनी नाई. हा माग हाय अन् दोन खोल्या हायेत. म्हातारी होती, तेही गेली." मग ते सासऱ्यांकडं वळले. "भाडेकरू कसा हाय म्हनून पुसलं तं लोक गोड बोलते, मनात म्हनते जाऊ द्या, आपल्या गल्लीतली बला टळली. पोरगी द्याची हाय म्हटलं का पोटातलं समदं सांगते."

सासऱ्यांची छत्री खाली आली. "काय सांगितलं आमच्या जवायाचं?"

"झोपेत बडबडते. भात रोज करपवते. छत्री मागून नेते, वापस करत नाई."

"हे आमचीच हाय, लग्नातली," सासरे हातातली छत्री निरखत म्हणाले. "मीच वापस नेली. अजून?"

"अजून काय! पोरगी द्याची म्हटलं तं अख्खी गल्ली बोंबलली, अरे बाबा, त्याचं लगन झालं, बायको पवनीले हाय, कुसुम नाव हाय, हा याले-त्याले थांबवून तेच सांगत असते." काकाजींनी धोटा हातात घेतला. "बायकोचं नाव गल्लीभर करनारा मानूस रातोरात पळून नाई जात. विहिरीकडची खोली झाडून ठेवली हाय."

कुसुम खाली बघत होती, पण हसत होती. सासरे म्हणाले, "पोरगी देली तवा मीही एवढी चौकशी नोती केली." ते एकटेच परत गेले, छत्री घेऊन.

पुढं दुसऱ्या खोलीसाठी काकाजी गावोगाव फिरले, करडीपर्यंत जाऊन आले, दरवेळी तीच नसलेली पोरगी घेऊन. निघण्याआधी ते कुसुमला विचारत, "काय सांगू व यंदा?" ती गंभीरपणे सांगे, "आता सातवी पास नका सांगू काकाजी. मॅट्रिक झाली म्हना. अन् भात चांगला करते म्हना." मी म्हणे, रंग गोरा सांगा. दोघंही माझ्याकडं दुर्लक्ष करत.

ऐंशीच्या दशकात माझी बदली झाली. ट्रकात सामान चढलं, विहिरीवरची दोरी मी नीट गुंडाळून ठेवली. काकाजींनी कुसुमच्या हातात एक लुगडं दिलं, स्वतः विणलेलं, कोशाच्या रेशमी काठाचं.

"एवढ्या गावी पोरगी दाखवली गा," ते मला म्हणाले, "जमलं एकाच जागी."

तिनं वाकून नमस्कार केला. ते आत जाऊन मागावर बसले. ट्रक पुऱ्याच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी कान देऊन ऐकत होतो. खटखटाट काही आला नाही.