पाणी उतरताना मोजलेल्या निवट्या

हेमालीच्या जिभेला हाड नाही, असं तिच्या ऑफिसात सगळेच म्हणतात, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. घोडबंदर रोडवरच्या त्या ऑफिसात तिचं काम म्हणजे प्रोग्रामकडून शोधनिबंध वाचून घेणं. तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच नेटवर टाकलेले, प्रीप्रिंट म्हणतात ते. माहिती कुठून आणली, कशी मोजली, दुसऱ्याला तेच करून बघायचं तर सगळं लिहिलंय का, हे प्रोग्राम बघतो आणि त्याचा शेरा ती निबंधाखाली सगळ्यांना दिसेल असा चढवते. मग मोठमोठे प्रोफेसर तिला चिडून मेल करतात. तिचं उत्तर ठरलेलं: तुम्ही खोटं बोललात असं कुणी म्हणत नाहीये साहेब, राहिलंय तेवढं लिहा.

हेमाली कोळीवाड्यातली. बाप परशुराम अजून खाडीत होडी घालतो. नोकरीआधी तिनं स्वतःही एक प्रीप्रिंट टाकलेला. तिवरं जिथं पुन्हा वाढली तिथं निवट्या परत आल्यात, असा. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारत फिरणारा बोटभर मासा. बापाच्या होडीतून जाऊन तिनं त्या एकेक करून मोजलेल्या. खाडी मेली म्हणणाऱ्यांना परशुराम तो निबंध मोबाइलवर दाखवत फिरायचा, त्यातलं इंग्रजी अक्षर कळत नसलं तरी.

आणि आता दुसऱ्या एका टीमनं जाहीर लिहिलं, की आम्ही त्याच जागी गेलो, निवट्या दिसल्याच नाहीत, हे आकडे फुगवलेले वाटतात. फुगवलेले! हेमालीचं डोकंच फिरलं. तिनं आपला निबंध आपल्याच प्रोग्रामला घातला. शेरा स्वच्छ येणार आणि तो त्यांच्या तोंडावर फेकायचा, असं ठरवूनच.

शेरा आला: भरती-ओहोटीच्या कोणत्या वेळी मोजलं, ते लिहिलेलं नाही.

प्रोग्रामला हा प्रश्न शिकवलेला तिनंच. तिनं निबंध वरपासून खालपर्यंत वाचला. खरंच नव्हतं. पाणी उतरू लागलं आणि चिखल ओला आहे, तेवढ्यातच तिथली निवटी बाहेर दिसते. ऊन लागून चिखल सुकला की बिळात. कोळ्याच्या घरात हे कुणी कुणाला सांगत नाही, मग लिहायचं कुठून सुचणार? ती टीम, त्यांनीच लिहिलेल्या वेळेवरून, भर दुपारी सुकल्या चिखलात फिरून आलेली.

शेजारच्या टेबलावरचा मितेश म्हणाला, हा शेरा आपल्यातच राहू दे, गुपचूप दुरुस्त करून टाक.

"आजवर कुणाचा राहू दिलाय?" असं म्हणत तिनं तो शेरा आपल्या निबंधाखाली चढवला. लाज वाटली, चांगलीच वाटली. पण मग बसली आणि पाणी, वेळ, चिखल, सगळं असं लिहून काढलं की खाडी कधी न पाहिलेल्यालाही कळावं.

पुढच्या महिन्यात त्याच टीमनं पुन्हा मोजलं. आकडे जुळले, आणि त्यांनी तसं जाहीर लिहिलंही. हेमाली उड्या मारतच घरी आली. जाळं शिवत बसलेल्या परशुरामानं सगळं ऐकलं आणि त्याचा चेहरा जरा पडलाच.

"मना न इचारताच गेली ती टीम?"

"हो बाबा. तुला न विचारता, मलाही न विचारता. म्हणून तर आता आपल्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही."

परशुरामानं जाळं बाजूला ठेवलं आणि मोबाइल मागितला, त्या लोकांनी लिहिलेलं शेजारच्या जगनला दाखवायला.