चिंचेला बांधलेली मोटार

साठ सालच्या सुमाराला वडिलांची जुनी मोटार मी पनवेलला विकायला काढली, तेव्हा कराव्याहून एक कोळी ती बघायला आला. नाव सांगितलं नाही, पण आपलं दिवाळं निघालंय हे आल्या आल्या सांगून मोकळा झाला. बॉनेट त्याने उघडलंच नाही. होडीचं लाकूड पारखावं तसा पत्र्यावर टकटक करून कान लावत राहिला. मग आत बसून डोळे मिटले.

मला दया आली. म्हटलं, "अर्धे आत्ता द्या, बाकीचे हप्त्याने."

डोळे न उघडताच तो म्हणाला, "नको दादा. कर्जाची होरी व्हती, ती सावकार दोर सोरून घेऊन गेला. आता रोखीत जमंल तेवरंच. झोप तरी लागंल."

जवळ होते तेवढे रोख पैसे देऊन, चाकापाशी नारळ फोडून तो वल्हवल्यासारखी हळूहळू मोटार घेऊन गेला.

पुढे एकदा कराव्याला गेलो. दुपारची भरती चढत होती. मोटार खाडीपासून लांब, उंचावर उभी होती, तरी चिंचेला जाड दोराने बांधलेली. आत मासळीच्या टोपलीला टेकून तो गाढ झोपला होता. दोराचं दुसरं टोक खिडकीतून आत गेलं होतं, त्याच्या मनगटापर्यंत.