देवळाची कौलं

दोन मदतनीस ठेवणं मला झेपणार नव्हतं, आणि मी दमलो होतो. रत्नागिरीत जमिनींची दलाली करून मला बावीस वर्षं झाली. पूर्वी गिऱ्हाईक एसटीनं यायचं, उन्हात कातळावर उभं राहायचं, शहाळं पिऊन जायचं. आता ते मुंबईत बसून विचारतं, समुद्र दिसतो का, लोकेशन पाठवा, रस्ता किती फुटी आहे. लगेच उत्तर गेलं नाही की दुसऱ्या दलालाकडे पळतं.

ऑफिसातल्या बाईंना हा वेग जमत नव्हता. त्या भाट्याहून यायच्या, चौदा वर्षं माझ्याकडे होत्या. शिमग्याला आणि गणपतीत तर कामावर यायचं नावच काढायच्या नाहीत. कुणी जमीनमालक आला की त्याच्या म्हशीपासून लेकीच्या सासरपर्यंत चौकशी, मग चहा, मग कागद. मला वाटायचं, ही बाई माझा वेळ खाते.

माझी लेक पुण्यात असते. तिनं तिथलीच एक मुलगी शोधून दिली, घरून काम करणारी. मी तिला अजून पाहिलेलं नाही. पण पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्याकडच्या जमिनी फोटो-नकाशांसकट अशा मांडल्या, की त्या माझ्या मलाच घ्याव्याशा वाटल्या. बाईंना म्हणालो, "थोडे दिवस विश्रांती घ्या. लागलं तर बोलावतो."

"माझं काय चुकलं, भाऊ?"

"काही नाही."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, खिडकीतला डबा उचलला आणि गेल्या. त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं. त्याची लाज मला आजही वाटते.

मग सावर्ड्याच्या आतल्या गावातली एक काजूची बाग आली. मालक म्हातारा, मुलगे मुंबईला. गिऱ्हाईक जवळजवळ ठरलेलं. म्हाताऱ्यानं मोबाईलवर आवाजी निरोप पाठवला, तो पुण्याच्या मुलीनं ऐकला आणि नीट टाईप करून मला आणि गिऱ्हाइकाला धाडला: देवळाला कौलं लावायचं काम आहे, ते झालं की मालक कळवतील. मी वाचलं आणि सोडून दिलं. हल्ली कुठल्या गावात देवळाचं काम निघालेलं नसतं?

गिऱ्हाईक भला माणूस. देवाचं काम म्हणून त्यानं चिपळुणातून टेम्पोभर मंगलोरी कौलं परस्पर पाठवली. देवळावर स्लॅब पडून कैक वर्षं झालेली. टेम्पो उभा राहिला तेव्हा सारा गाव आत जमला होता. म्हाताऱ्याचा मला फोन आला. आवाज शांत होता.

"तुमी देवाला पन इकत घेताव काय?"

तेव्हा कुठे मी मूळ निरोप ऐकला. "आमी देवलात कौल लावताव, मग काय ता सांगताव." म्हणजे देवाला विचारतो. मूर्तीला फुलं लावायची, उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. पुण्याच्या मुलीला कौल म्हटल्यावर छप्पर आठवलं, यात तिचा काय दोष? मी इथला असून माझ्याही डोक्यात आलं नाही.

बाईंनी मला हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. "भाऊ, ज्याला द्यायचं असतं तो तारीख विचारतो. द्यायचं नसतं तो कौल लावतो. तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा देवावर सोपवलेलं बरं." त्या ऑफिसात असत्या तर निरोप ऐकताच म्हणाल्या असत्या, सोडा ती बाग. चहा पाजता पाजता त्या काय करायच्या, ते मला आत्ता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी भाट्याला गेलो. बाई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. टेम्पोची गोष्ट ऐकून पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, पुष्कळ दिवसांनी. मग म्हणालो, "चुकलं माझं. तुम्ही परत या. तुमच्यावाचून मला जमत नाही."

त्यांनी हात पुसले, आतून गूळपाणी आणलं. सोलांवरची एक माशी हाकलली.

"देवाला कौल लावते, भाऊ, नि मग सांगते."

मी पाणी प्यायलो, बरं म्हणालो. कधीपासून यायचं, हे त्यांनी विचारलं नाही.