यादीतून गळलेली बाई

बारामतीच्या ऑफिसात माझं काम गरोदर बायांच्या नोंदी तपासायचं. गावोगावच्या नर्सताई वजन, रक्तदाब टॅबवर भरायच्या. माझ्याकडे नावं येत नसत, नुसते क्रमांक. बोट घसरून चुकीचे आकडे पडायचे, एखादीचं वजन चारशे किलो वगैरे. म्हणून मी संगणकाला नियम घालून दिला होता: फारच मोठा आकडा दिसला की चूक समजून गाळायचा. उरलेल्यांतून धोक्याच्या बायांची यादी निघे, आणि यादीतल्या बाईला दवाखान्यात न्यायला ऑफिसची गाडी जाई.

एका सोमवारी इंदापूरहून नर्सताईंचा फोन आला.

"म्याडम, माझी एक बाई यादीत न्हाय. बीपी लई वाढलंय तिचं. घरचे म्हणत्यात, गाडी आली की जाऊ."

त्यांनी आकडा सांगितला. तो इतका मोठा होता की माझ्याच नियमानं चूक समजून गाळला होता.

गाडी काढायला लावली. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो. अशा आणखी किती बाया गळल्या असतील, एवढंच डोक्यात.

इंदापुरात त्या बाईच्या घरच्यांचं कापडाचं दुकान, मागं घर. नर्सताई दारातच थांबल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "सून चष्म्याच्या दुकानात गेलीया. दोन दिस धुरकट दिसतंय म्हणती. नंबर वाढला आसंल."

नर्सताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "नंबर न्हाय वाढला, म्याडम. बीपी डोळ्यावर आलंय. चला!"

चष्मेवाल्याच्या स्टुलावर ती बसली होती, चेहरा सुजलेला. समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही तिला दिसेना. मला म्हणाली, "ताई, भिंत हलतीय का वो?"

दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनला घेतलं. बाहेर बाकावर बसून मी लॅपटॉपवर गाळलेल्या नोंदी उघडल्या आणि एकेका नर्सताईला फोन लावत गेले. बाकीच्या नोंदी खरोखरच बोटाच्या चुका निघाल्या.

मुलगी झाली, ओंजळीएवढी. तिला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, पण जगली. आईला चौथ्या दिवशी स्वच्छ दिसायला लागलं. सासूबाईंनी माझे हात धरले, "तुमी धावत आला म्हणून, ताई." मी हळूच हात सोडवून घेतले.

ऑफिसात मी ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी सगळं कबूल केलं. त्या सुनेला सांगायचं धाडस गोळा करायला मात्र महिना लागला. ती लेकीला दुपट्यात गुंडाळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग आता काढला का त्यो नियम?"

"काढला. आता असा आकडा दिसला की आधी नर्सताईंना फोन करतो."

"बरं केलं," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता लेकीचं दुपटं घट्ट करत राहिली.